जादा चाळीस मिनिटे

हितेंद्र तांबेला अंधाराची भीती कधी वाटली नाही. जन्मापासूनचा शेजार होता तो. त्याला भीती वाटायची ती दुसऱ्याच्या हातातल्या पेनाची.

कारण साधं होतं. परीक्षेत तो सांगायचा, दुसरं कुणीतरी लिहायचं, आणि मार्क लिहिलेल्याला मिळायचे. एम. ए.चे पंधरा पेपर असे सुटले होते. सोळावा, 'भारतीय प्रशासन', सुटत नव्हता. पहिल्या खेपेला लेखनिक म्हणून अकरावीतली एक मुलगी आली. ती त्याच्या वाक्याचा पहिला निम्मा भाग लिहायची. उरलेला तिला न लिहिताच पटायचा. मार्क एकोणीस. दुसऱ्या खेपेला आलेल्या गृहस्थांना प्रशासनाबद्दल स्वतःची मतं होती. मार्क एकवीस. साठापैकी चोवीसला पास.

त्या वेळी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवून भायखळ्याच्या खोलीत बहिणीने, मेघनाने, ती मोठ्याने वाचायला घेतली होती. तिसऱ्या पानावर ती थांबली.

"दादा, हे तू बोललास?"

"काय लिहिलंय?"

"जिल्हाधिकाऱ्याला चपलेने मारलं पाहिजे, असं लिहिलंय."

"मी म्हणालो, त्याच्यावर अंकुश असला पाहिजे."

"अंकुशापेक्षा स्वस्त पडतं," मेघना म्हणाली.

आता तिसरी खेप, आणि शेवटची. जुना अभ्यासक्रम या परीक्षेनंतर बंद होणार होता. तशी नोटीस विद्यापीठाच्या वेबसाइटवर लागली होती, पण कागदाचा फोटो काढून लावलेली, त्यामुळे हितेंद्रचा बोलका फोन ती वाचत नव्हता. फोन नुसता म्हणायचा, "चित्र." त्या चित्रात असं होतं की यंदा जो राहील त्याने नव्या अभ्यासक्रमाला पहिल्यापासून प्रवेश घ्यावा. म्हणजे सुटलेले पंधरा पेपरही गेले, आणि दोन वर्षंही गेली.

लेखनिक देण्याचं काम विद्यार्थी सहाय्य कक्षाचं. हा कक्ष विद्यापीठाच्या परळच्या इमारतीत, क्रीडा विभागाच्या खोलीत, कॅरम बोर्डांच्या पलीकडे होता, आणि चिंतामणी नावाच्या कारकुनाच्या रूपाने अकरा ते एक या वेळात उपलब्ध होता. लेखनिकाबद्दल नियम असा की तो उमेदवारापेक्षा कमी शिकलेला असावा, अक्षर चांगलं असावं, विषयातलं त्याला काही कळू नये आणि सांगितलेलं सगळं कळावं. अशी माणसं मुंबईत फार नाहीत. कक्षाच्या यादीत तीन होती. दोघं यंदा पदवीधर झाल्याने बाद झाले होते आणि तिसरा तो चपलेचा.

"सर, लेखनिक मिळाला का?" हितेंद्र रोज फोन करायचा.

"मिळेल रे. आठ दिवस आहेत अजून."

"सर, तीन दिवस राहिले."

"तीन दिवस खूप झाले."

"सर, उद्या पेपर आहे."

"म्हणजे आजचा दिवस आहे ना," चिंतामणी म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर धीर होता. इतका धीर दुसऱ्याच्या परीक्षेबद्दलच असू शकतो.

आणि पावणेएकला त्याचाच फोन आला. "मिळाली! लिहून घे. मालन पेडणेकर, गिरगाव. जुनी अकरावी मॅट्रिक, म्हणजे नियमात बसते. सरकारी कचेरीतून रिटायर. ज्येष्ठ नागरिक संघातून नाव आलंय."

"अक्षर?"

"लग्नपत्रिकेसारखं. मी स्वतः बघितलं."

"आणि स्पीड?"

"फॉर्मात तो रकाना नाही."

संध्याकाळी हितेंद्रने मालनकाकूंना फोन लावला. आवाज वयस्कर, खणखणीत. "बाळा, तू अजिबात घाबरू नको. तू सांगत जा, मी एक शब्द सोडायची नाही."

"काकू, मी हळूहळू सांगेन."

"हळू कशाला? तुझ्या चालीने सांग. हात आहे माझा."

याआधी कुठल्याही लेखनिकाने हात असल्याचा दावा केला नव्हता. हितेंद्र जास्तच घाबरला.

लेखनिकवाल्यांना वेगळी खोली देतात. परळच्या केंद्रावर ती तळमजल्यावरची वैद्यकीय खोली होती: एक खाट, एक टेबल, फिनेलचा वास. पर्यवेक्षक होते अजित सावर्डेकर, तासावर पैसे मिळणारे प्राध्यापक. दर जूनमध्ये त्यांना कळायचं की या वर्षीही आपण प्राध्यापक आहोत. त्यांनी नियम वाचून दाखवले. प्रश्न वाचणं आणि उत्तर सांगणं यापलीकडे उमेदवाराने आणि लेखनिकाने एकमेकांशी बोलायचं नाही. पेपर अकरा ते एक. वर चाळीस मिनिटं जादा. सहापैकी चार प्रश्न, प्रत्येकी पंधरा मार्क.

"आणि भरारी पथक आज परळ भागातच आहे," त्यांनी जोडलं. ते नियमात नव्हतं, पण त्यांचा आवाज तेवढ्यापुरताच जिवंत झाला.

हितेंद्रने पहिलं वाक्य सांगितलं आणि पेन ऐकायला लागला.

देवनागरी ऐकू येते. अक्षरांची कुरकुर, आणि शब्द संपला की डोक्यावरून ओढलेली रेघ: सर्र. पंधरा पेपरांत हितेंद्र एवढं शिकला होता की सर्र ऐकू आल्याशिवाय पुढचा शब्द सांगायचा नाही. सर्र म्हणजे शब्द पोचला.

मालनकाकूंच्या पेनातून सर्र येईना.

येत होतं ते भलतंच: टिच, टिच, एखादी गिरकी, पुन्हा टिच. आणि हितेंद्रचं वाक्य संपलं की त्याच क्षणी पेन थांबायचं. त्याने चाल वाढवून पाहिली. "वसाहतकालीन प्रशासनाचा मुख्य हेतू, म्हणजे, लोककल्याण हा नसून महसूल हा होता." पूर्णविरामाला पेन थांबलं. एवढं वाक्य एवढ्या वेळात लिहिणारा माणूस त्याने ऐकला नव्हता. ऐकणं शक्य नव्हतं. काकू लिहीत नव्हत्या.

त्याने सांगणं थांबवलं.

"काकू, शेवटचा परिच्छेद वाचून दाखवा." वाचून घेणं नियमात होतं.

काकूंनी वाचलं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही, तो जिथे जिथे खोकला होता तिथे फक्त स्वल्पविराम. हितेंद्रला क्षणभर स्वतःची लाज वाटली. बाई लिहितायत, चांगलं लिहितायत, आणि आपण संशय घेतोय. त्याने दुसरं उत्तर सांगितलं. तिसरं सांगितलं. बरोबर बाराला तिसरं संपलं. इतकं पुढे तो कधीच नव्हता. भीती मात्र कमी व्हायला तयार नव्हती. तीही सोबत पुढे आली होती.

"काकू, किती पानं झाली?"

"दुसरं भरत आलंय."

तीन उत्तरं म्हणजे नऊ पानं. निदान आठ. बारीक अक्षर असेल तर सात. दोन पानांत तीन उत्तरं बसवायला प्रशासनाला लग्नपत्रिकेवरच छापायला हवं. मग काकू वाचतात काय? पाठ झालेलं म्हणून दाखवतात? आणि कागदावर काय आहे?

सरांना सांगावं? सांगितलं तर रिपोर्ट. रिपोर्ट म्हणजे उत्तरपत्रिका सीलबंद पाकिटात, पाकीट समितीपुढे, आणि समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. तोवर जुना अभ्यासक्रम गेलेला. न सांगावं, तर ही दोन पानं तपासनिसाकडे. दोन्ही वाटा त्या चित्रातल्या नोटिशीतच जात होत्या.

त्याने काही न सांगता हात पुढे केला आणि पान चाचपलं. ब्रेलवर तयार झालेली बोटं. पेनाचा दाब कागदाच्या मागल्या बाजूला उमटतो तो त्यांना कळतो. बोटांना आकड्यासारखी वळणं लागली. अर्धे चंद्र, टिंबं, तिरक्या काड्या. अक्षर नव्हतं. एकही नाही.

"काकू," त्याचा आवाज त्यालाच लांबून आला. "हे काय आहे?"

"तुझं उत्तर, बाळा."

"कुठल्या लिपीत?"

"शॉर्टहँड," मालनकाकू म्हणाल्या. "मी अडतीस वर्षं स्टेनो होते."

सावर्डेकर सरांची खुर्ची मागे सरकली.

"मग मराठीत कधी लिहिणार?"

"आता ना! तुझं सांगून झालं की. ती जादा चाळीस मिनिटं त्यासाठीच तर दिलीत. चिंतामणीच म्हणाले, दोन तास पेपरचे आणि चाळीस मिनिटं लेखनिकामुळे." त्यांचा आवाज शेवटाकडे बारीक झाला. "आधी डिक्टेशन, मग उतरवायचं. असंच असतं ना सगळीकडे?"

अडतीस वर्षांत पाच साहेब झाले आणि पाचही जण एकदाही या पद्धतीबाहेर बोलले नव्हते. चार उत्तरं चाळीस मिनिटांत कशी उतरतील हा प्रश्न मालनकाकूंना पडला नव्हता, कारण उतरवायचं ते टाइपरायटरवर, नंतर कॉम्प्युटरवर.

"काकू, इथे मशीन नाहीये."

"होय रे. मघापासून तेच शोधतेय मी."

सावर्डेकरांनी उत्तरपत्रिका उचलली. पान उलटल्याचा आवाज, मग पुन्हा उलटल्याचा. "अहो, ही सांकेतिक लिपी आहे! सूचना क्रमांक सात. सांकेतिक खुणा आढळल्यास गैरप्रकार. मला रिपोर्ट करावा लागेल."

"सर, नको."

"नको काय, तांबे? पथकाने पकडलं तर तू नापास होशील. माझे तास जातील." ते फोन लावत होते. स्पीकरवर चिंतामणीचा आवाज आला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग फॉर्म भरा," तो म्हणाला.

"कुठला फॉर्म?"

"तो बनवावा लागेल. सोमवारी या."

फोन बंद झाला. खोलीत फक्त पंखा. "देवा म्हाराजा," मालनकाकू पुटपुटल्या, "पोराचं वर्ष घालवलं मी." आणि खुर्चीतून उठू लागल्या, जणू आपण निघून गेलो तर चूकही सोबत जाईल.

 उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरच्या सोळा सूचना हितेंद्रला पाठ होत्या. घाबरलेला माणूस सगळंच पाठ करतो. सात, आठ, नऊ. तो मनात पुढे सरकत गेला आणि अकरावर अडकला.

"सर. सूचना अकरा. कच्चे काम उत्तरपत्रिकेतच करावे आणि त्यावर तिरकी रेघ मारून 'कच्चे काम' असे लिहावे."

"मग?"

"कच्चं काम कुठल्या लिपीत करायचं, हे दिलेलं नाही."

सावर्डेकरांनी उत्तरपत्रिका पुन्हा उचलली. ते सूचना अकरा वाचत असावेत, निदान तीनदा.

"मारा रेघ," ते शेवटी म्हणाले. "आणि पुढच्या पानावर शुद्ध लिहा. बारा बावीस झालेत. लवकर."

मालनकाकूंनी रेघा मारल्या. मग लिहायला लागल्या. आणि आली: सर्र. सर्र. सर्र. हितेंद्रला रडू येईल असं वाटलं. तो गप्प बसून राहिला, कारण आता बोलणं म्हणजे काकूंचा हात थांबवणं. अठ्ठ्याहत्तर मिनिटं. एका उत्तराला पंचवीस धरली तर तीन उत्तरं, चौथं कोरं. चांगल्या उत्तरालाही आठच्या वर कुणी देत नाही. आठ त्रिक चोवीस. तिन्ही पूर्ण व्हायला हवीत. तिसरं अर्धं राहिलं की संपलं.

पहिलं उत्तर बारा पंचेचाळीसला पूर्ण झालं. दुसऱ्याचं पहिलं पान होत आलं तेव्हा, बारा पन्नासला, कॉरिडॉरमध्ये बूट वाजले. तीन-चार जोड्या. दार न ठोठावता उघडलं.

"भरारी पथक," बाईचा आवाज. मग टेबलाजवळ सेंटचा वास. "हे काय चाललंय? ही कशावरून उतरवतेय?"

"कच्चं काम आहे, मॅडम," सावर्डेकर म्हणाले. चोराच्या तोंडूनही ते इतकं खोटं वाटलं नसतं.

"मी एकोणीस वर्षं कॉपी पकडतेय. असं कच्चं काम मी पाहिलेलं नाही. काय आहे हे, चिनी?"

"शॉर्टहँड, मॅडम," मालनकाकू म्हणाल्या. "यानेच सांगितलंय. मी नुसतं घेतलंय."

"असं?" कागदावर नख टेकल्याचा आवाज. "हे वाचा. एवढंच."

"'वसाहतकालीन चौकटीत नागरिक हा अर्जदार होता,'" मालनकाकूंनी वाचलं.

"थांबा. पुढे वाचू नका. आता तू सांग. पुढचं वाक्य काय होतं तुझं?"

हितेंद्रचं डोकं रिकामं झालं. पूर्ण रिकामं, खोली झाडून घेतल्यासारखं. दीड तासापूर्वी सहज बोललेलं वाक्य. ते कागदावर आहे, सगळ्यांच्या समोर, आणि त्याला सोडून बाकी कुणालाही ते दाखवता येतं. पंखा फिरत होता. बाईंचं नख टेबलावर एक, दोन, तीन वाजलं.

"'स्वातंत्र्यानंतर...'" त्याने सुरुवात केली आणि थांबला. "'स्वातंत्र्यानंतर तो मतदार झाला, पण खिडकीसमोर उभा राहिला की तो पुन्हा अर्जदारच होतो.'"

"वाचा," बाई मालनकाकूंना म्हणाल्या.

"'स्वातंत्र्यानंतर तो, म्हणजे, मतदार झाला, पण खिडकीसमोर उभा राहिला की, म्हणजे, तो पुन्हा अर्जदारच होतो.'"

"हे 'म्हणजे' कुठून आले?"

"त्याने सांगितलेत," मालनकाकू म्हणाल्या. "मी सोडत नाही काही."

पथकातलं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सावर्डेकरांची दोन रजिस्टरं तपासली, तीन सह्या घेतल्या, खाटेखाली वाकून पाहिलं. मालनकाकूंना तोवर पेन खाली ठेवायला सांगितलं होतं. पथक गेलं तेव्हा एक सहा झाला होता.

"सोळा मिनिटं गेली," हितेंद्र म्हणाला. "सर, ती मिळतील?"

"तशी तरतूद नाही," सावर्डेकर म्हणाले.

मालनकाकू पुन्हा वाकल्या. आता मधूनमधून त्या हात झटकायच्या. बांगड्या वाजायच्या, आणि तेवढा वेळ सर्र थांबायची. दुसरं उत्तर एक बावीसला संपलं. तिसरं सुरू. हितेंद्र मनात त्याच्या उत्तरातले परिच्छेद मोजत होता आणि पेनाच्या आवाजावरून काकू कुठवर आल्या ते ताडत होता. पहिला परिच्छेद. दुसरा. पुरवणी घेतली. तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर बाहेर घंटा झाली.

एक चाळीस. दोन परिच्छेद बाकी होते.

"वेळ संपली," सावर्डेकर म्हणाले. "पेन खाली ठेवा, पेडणेकर बाई."

पेन थांबलं नाही. आता सर येऊन पेपर ओढणार. त्यांची चप्पल दोन पावलं पुढे आली. मग थांबली.

"पुरवणी बांधायला लागेल," सावर्डेकर म्हणाले. "दोऱ्याशिवाय मी उत्तरपत्रिका जमा करून घेऊ शकत नाही. दोरा कुठे ठेवला मी?"

टेबलाचा खण उघडला. बंद झाला. थोड्या वेळाने पुन्हा उघडला. तोच खण. त्यात काय आहे ते पाहायला डोळस माणसाला एकदा पुरतं. सावर्डेकरांनी तो पाच वेळा उघडला. मध्येच ते दारापाशी गेले, बाहेर कानोसा घेतला, परत आले आणि सहावी खेप सुरू केली. त्यांचा श्वास हितेंद्रपेक्षा जोरात चालला होता. एवढा भेदरलेला माणूस इतक्या शांतपणे दोरा शोधताना त्याने कधी ऐकला नव्हता.

पेन खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"सापडला," सावर्डेकर लगेच म्हणाले.

त्यांनी पुरवणी जोडली, गाठ मारली, आणि हितेंद्रच्या बोटाखाली सहीची जागा दिली. त्याने सही केली नाही.

"सर, शेवटचं वाक्य तुम्ही वाचाल? तुम्ही."

"लेखनिक वाचते."

"त्यांनी वाचलेलं मी सकाळपासून ऐकतोय."

सावर्डेकरांनी पान वर उचललं. ते मराठीचे नव्हते, आणि बाईंचं अक्षर शेवटी घाईचं झालं होतं. ते अडखळत, शब्द शोधत वाचायला लागले. "'म्हणून प्रशासनाची, प्रशासनाची कसोटी फायलींच्या... वेगावर नसून, समोर उभ्या माणसाला आपलं म्हणणं... पोचलं असं वाटण्यावर आहे.' असं म्हणालास तू?"

"हो."

"मोठी कसोटी आहे," सावर्डेकर म्हणाले, आणि पान खाली ठेवलं. "कर सही. मला जमा करायचंय."

हितेंद्रने सही केली. तीन उत्तरं, चौथं कोरं. तिन्हींना आठ मिळाले तर चोवीस. एखाद्याला सात मिळाले तर तेवीस. आणि तेवीसचं काय होतं ते त्याला माहीत होतं.

पायऱ्या उतरताना मालनकाकूंनी त्याचा दंड धरला. आधार कोण कुणाला देत होतं, ते सांगणं अवघड होतं.

"निकाल कधी रे?"

"पंचेचाळीस दिवसांत म्हणतात. तीन महिने धरा."

"मला फोन करशील?"

"करेन."

"नापास झालास तरी?"

हितेंद्रने काठी घट्ट धरली. "झालो तर या वेळी मी झालेला असेन, काकू," तो म्हणाला. मग तीन पायऱ्या उतरल्यावर त्याला पुन्हा भीती वाटली, पेनाच्या भीतीहून मोठी. कारण आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं.